९५० मीटरची धावपट्टी आणि दहा चौरस किलोमीटरचे बेट: कातिक्लान विमानतळाचे प्रकरण

तिकिटावर ‘बोराकाय’ असे छापलेले असले, तरी विमान बोराकायला उतरत नाही. ते उतरते समोरच्या पनाय बेटाच्या वायव्य टोकाशी, फिलिपिन्सच्या अक्लान प्रांतातील कातिक्लान येथे. गोदोफ्रेदो पी. रामोस विमानतळ हे त्याचे अधिकृत नाव. व्यवहारात त्याला कातिक्लान किंवा सरळ बोराकाय विमानतळ म्हणतात. विमानतळ एका बेटावर आणि ज्याच्यासाठी लोक येतात तो किनारा दुसऱ्या बेटावर, अशी ही रचना आहे. दोन्ही जागा मलाय या एकाच नगरपालिकेच्या हद्दीत येतात. पण धावपट्टीचा निर्णय मनिलात होत असे आणि कचऱ्याचा मलायमध्ये. २००९ ते २०१८ या काळात, दोन विमान अपघातांपासून बेट सहा महिने बंद होण्यापर्यंत, जे घडले त्याचे मूळ मला या विभागणीत दिसते, आणि म्हणून या प्रकरणाकडे केवळ विमानतळाच्या विस्ताराची हकीकत म्हणून पाहता येत नाही.

बोराकाय लहान आहे. सुमारे १,०३२ हेक्टर, म्हणजे दहा चौरस किलोमीटरच्या किंचित वर. लांबी सात किलोमीटरच्या आसपास, आणि मधली चिंचोळी पट्टी तर एखादा किलोमीटर रुंद. या पट्टीच्या पश्चिमेला पांढऱ्या वाळूचा सुमारे चार किलोमीटरचा ‘व्हाइट बीच’ आणि पूर्वेला बुलाबोग किनारा. मानोक-मानोक, बालाबाग आणि यापाक अशा तीन बारांगायांत, म्हणजे तिथल्या सर्वांत खालच्या प्रशासकीय घटकांत, बेट विभागलेले आहे.

विमानातून उतरलेला प्रवासी तीनचाकीने किंवा व्हॅनने काही मिनिटांत कातिक्लानच्या जेट्टीवर पोहोचतो. तिथे ओळीने खिडक्या आहेत. एका खिडकीवर बोटीचे भाडे, दुसऱ्या खिडकीवर टर्मिनल शुल्क, तिसऱ्या खिडकीवर पर्यावरण शुल्क, जे २०१८ च्या सुमारास ७५ पेसो होते. प्रत्येक ठिकाणी कागदाची लहानशी पावती मिळते आणि नाव-गाव लिहून घेतले जाते. मग दोन्ही बाजूंना बांबूचे तरंगते आधार बांधलेल्या ‘बांका’ बोटीत सामान चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत समोरचा काग्बान धक्का येतो. नैऋत्येकडून ‘हाबागात’ वारे वाहू लागले की हा मार्ग खवळतो. तेव्हा बोटी ताबोनहून निघतात आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूला ताम्बिसाआनला लागतात. खिडक्यांची ही ओळ वाचकाने ध्यानात ठेवावी.

टेकडीच्या पायथ्याची धावपट्टी

कातिक्लानची जुनी धावपट्टी ९५० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद होती. एटीआर ७२ सारख्या सत्तरएक आसनांच्या पंखेवाल्या विमानाला पूर्ण वजनाने उड्डाण करायचे तर साधारण १,३०० मीटर लागतात. त्यामुळे इथे विमान हलके ठेवूनच ये-जा करावी लागे आणि प्रवासी, सामान व इंधन या तिन्हींचा हिशेब दर फेरीला नव्याने मांडावा लागे. उष्ण कटिबंधातील दुपार या हिशेबात भर घालते. तापलेली हवा विरळ असते, पंखांना आणि इंजिनांना ती कमी आधार देते, आणि उड्डाणासाठी लागणारे अंतर वाढते. पावसात ओल्या धावपट्टीवर ब्रेक कमी धरतात, म्हणून थांबण्यासाठी लागणारे अंतरही वाढते. लांब धावपट्टीवर वैमानिक अशा वाढीव अंतराची फारशी चिंता करीत नाही. ९५० मीटरवर मात्र मोकळे अंतर जवळपास उरतच नाही.

वाऱ्याच्या दृष्टीने धावपट्टीची दिशा योग्य होती. ती ईशान्य-नैऋत्य अशी आहे आणि ‘अमिहान’ हे ईशान्येचे वारे व ‘हाबागात’ हे नैऋत्येचे वारे साधारण तिच्याच रेषेत वाहतात. विमानाला वाऱ्यासमोर उतरायचे आणि वाऱ्यासमोरच उडायचे असते, त्यामुळे दोन्ही मोसमांत सोय व्हायला हवी होती. पण एका टोकाला टेकडी होती. एका मोसमात टेकडीवरून येऊन उतरायचे आणि दुसऱ्या मोसमात टेकडीच्या दिशेने उडायचे, अशी निवड तिने वैमानिकांवर लादली. टेकडी ओलांडून येणारे विमान उंच राहते आणि धावपट्टीचा पहिला भाग वाया घालवते. विरुद्ध बाजूने येताना पहिल्या मीटरपासून धावपट्टी वापरण्याच्या प्रयत्नात ते अलीकडेच टेकण्याचा धोका असतो.

२००९ साली दोन्ही प्रकार घडले. ११ जानेवारीला मनिलाहून आलेले चिनी बनावटीचे एमए-६० विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकले आणि काँक्रीटच्या अडथळ्यावर आदळले. काही जण जखमी झाले आणि विमान कायमचे निकामी झाले. २५ जूनला त्याच जातीचे दुसरे विमान धावपट्टीच्या टोकाच्या पुढे गेले. त्यात सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सहा महिन्यांत दोन अपघात झाल्यावर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने या धावपट्टीच्या वापरावर निर्बंध घातले आणि काही उड्डाणे जवळच्या कालिबो विमानतळाकडे वळली.

त्याच वर्षी सरकारने विमानतळाच्या विस्ताराचे आणि चालवण्याचे २५ वर्षांचे काम एका खाजगी कंपनीला दिले. २०१० मध्ये सान मिगेल या मोठ्या उद्योगसमूहाने त्या कंपनीत बहुसंख्य वाटा घेतला. टेकडी छाटणे, धावपट्टी लांब व रुंद करणे, रात्रीच्या उड्डाणांची सोय करणे अशी कामे टप्प्याटप्प्याने झाली. २०१६ च्या अखेरपर्यंत धावपट्टी १,८०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद झाली आणि एअरबस ए३२० सारखी जेट विमाने इथे उतरू लागली.

सुरक्षेच्या दृष्टीने हा विस्तार आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जी धावपट्टी वैमानिकाला चुकीसाठी शंभर मीटरही सोडत नाही, ती तशीच ठेवून पर्यटकांची संख्या आटोक्यात ठेवावी असे म्हणणे म्हणजे प्रवाशांच्या जिवावर बेटाचे रक्षण करणे होय. पुढे जे लिहिणार आहे ते विस्ताराच्या विरोधात नाही. विस्ताराच्या आधी जो एक आकडा लिहून ठेवायला हवा होता, त्याविषयी आहे.

कालिबोची वाट

कातिक्लानची धावपट्टी लांब झाली आणि त्यामुळे बोराकाय बुडाले, अशी मांडणी पुष्कळदा ऐकू येते. ती सोपी आहे, पण तारखांशी जुळत नाही. बोराकायला येणाऱ्यांची संख्या २००९ मध्ये साडेसहा लाखांच्या घरात होती. २०१२ मध्ये ती १२ लाखांवर गेली. तीन वर्षांत जवळपास दुप्पट, आणि ही सर्व वाढ धावपट्टी ९५० मीटरचीच असताना झाली. मग माणसे आली कुठून? ती मुख्यतः कालिबोहून आली. अक्लानची राजधानी असलेल्या कालिबोचा विमानतळ कातिक्लानपासून रस्त्याने सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. त्याच्या धावपट्टीवर जेट विमाने आधीपासून उतरत होती आणि दक्षिण कोरिया, चीन, तैवान इथून थेट उड्डाणे तिथे येत होती. प्रवासी बसमध्ये दीड-दोन तास काढून कातिक्लानच्या जेट्टीवर पोहोचत. क्रूझ जहाजांनी येणारे त्याखेरीज वेगळे.

म्हणजे आखूड धावपट्टी बेटाचे रक्षण करीत होती असे जे वाटत होते, ते खरे नव्हते. एक दरवाजा अरुंद होता म्हणून गर्दी शेजारच्या दरवाज्याने आत येत होती. प्रवाळाच्या नोंदी याला दुजोरा देतात. १९८८ ते २०११ या काळात बोराकायभोवतीचे प्रवाळाचे आच्छादन सुमारे ७०.५ टक्क्यांनी घटले, आणि त्यातील सर्वांत मोठी घट २००८ ते २०११ या काळात झाली, असे सरकारच्याच घोषणापत्रात पुढे नमूद झाले. कातिक्लानला पहिले मोठे जेट उतरण्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

असे असताना २०१६ मध्ये दुसरा दरवाजाही रुंद झाला. २०१७ साली पाहुण्यांची संख्या २० लाखांच्या पुढे गेली.

बेटाच्या पोटात काय चालले होते

पर्यटनस्थळाची क्षमता मोजताना खोल्या, आसने आणि बोटी मोजण्याची सवय असते. बोराकायच्या बाबतीत खरी मर्यादा जमिनीखाली आणि कचरागाडीत होती. बेटावर दररोज ९० ते ११५ टन कचरा निर्माण होत होता आणि स्थानिक यंत्रणेची तो बेटाबाहेर नेण्याची क्षमता दिवसाला ३० टन होती. म्हणजे रोज ६० ते ८५ टन मागे राहत होता. समुद्राने वेढलेल्या दहा चौरस किलोमीटरच्या जागेत रोजचे एवढे टन म्हणजे काय, हे समजण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. कचरागाडीचा एकेक फेरा भरून जात होता आणि ढीग तिथेच होता.

सांडपाण्याची स्थिती याहून गंभीर होती, कारण ते दिसत नव्हते. बेटावर मलनिस्सारणाची वाहिनी होती, पण अनेक हॉटेलांनी आणि घरांनी तिला जोडणीच घेतली नव्हती; त्यांचे पाणी पावसाळी गटारांतून समुद्रात जात होते. किनाऱ्यालगतच्या ५१ आस्थापनांपैकी केवळ १४ आस्थापना स्वच्छ पाण्याच्या कायद्याचे पालन करताना आढळल्या. २०१५ मध्ये पर्यावरण खात्याने बुलाबोग भागातील पाण्यात कोलिफॉर्म या मैल्याची खूण असलेल्या जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरला ४७,४६० इतके असल्याचे जाहीर केले होते, जेव्हा सुरक्षित मर्यादा १,००० होती. बेटावरच्या नऊ पाणथळ जागांपैकी पाचांवर बांधकामे उभी राहिली होती किंवा त्या अन्य प्रकारे नष्ट झाल्या होत्या. पाणथळ जागा पावसाचे पाणी धरून ठेवते आणि गाळते. ती बुजवली की तेच पाणी रस्त्यावर साचते आणि मैला सोबत घेऊन किनाऱ्याकडे जाते.

ही सर्व माहिती कोणापासून लपलेली नव्हती. जेट्टीवरच्या खिडक्यांमधून रोज किती माणसे गेली याची नोंद होत होती. कचरागाडी किती टन घेऊन गेली हे नगरपालिकेला ठाऊक होते. पाण्याचे नमुने पर्यावरण खाते घेत होते. आसनांची संख्या विमान कंपन्यांकडे आणि धावपट्टीची लांबी प्राधिकरणाकडे होती. एकाच बेटाविषयीचे हे आकडे वेगवेगळ्या कार्यालयांतील वह्यांत पडून होते, आणि ते शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. २००९ चा करार झाला तेव्हा विमानतळाची क्षमता किती वाढवायची हा प्रश्न मांडला गेला. समोरचे बेट किती माणसे पेलू शकते हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा होता, तो आला नऊ वर्षांनी.

सहा महिने बंद

फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी बोराकायला जाहीरपणे मैल्याचा खड्डा म्हटले. २६ एप्रिल २०१८ रोजी घोषणापत्र क्रमांक ४७५ अन्वये बेटावर आपत्तीची स्थिती जाहीर झाली आणि पर्यटकांसाठी ते सहा महिने बंद करण्यात आले. पर्यावरण सचिव रॉय सिमातू यांच्या अध्यक्षतेखाली विविध खात्यांचे कार्यदल नेमले गेले. किनाऱ्यापासूनच्या मोकळ्या पट्ट्यातील बांधकामे पाडण्यात आली, रस्ते रुंद झाले, सांडपाण्याच्या जोडण्या सक्तीच्या झाल्या. बंदीला न्यायालयात आव्हान देण्यात आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

कातिक्लानची उड्डाणे या काळात झपाट्याने कमी झाली. ज्या धावपट्टीच्या विस्ताराला जेमतेम दीड वर्ष झाले होते, तिच्यावर उतरायला प्रवासीच उरले नाहीत. विमान कंपन्यांनी आपली विमाने दुसऱ्या मार्गांवर नेली. विमानाला चाके आणि पंख असतात, ते नेता येते. बांका चालवणारा, तीनचाकीवाला, खोल्या झाडणारी बाई, बांधकामावरचा मजूर यांना असे कुठे नेता येत नाही. हजारो लोकांचे सहा महिन्यांचे उत्पन्न एका तारखेला थांबले. बंदी आवश्यक होती असे मानणाऱ्यांपैकी मी आहे, तरीही तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापैकी बहुतेकांनी ना हॉटेल बांधले होते, ना परवाना दिला होता, ही गोष्ट या प्रकरणाच्या नोंदीत ठळक अक्षरांत असली पाहिजे.

६,४०५

२६ ऑक्टोबर २०१८ रोजी बेट पुन्हा उघडले तेव्हा त्याच्यासोबत प्रथमच एक अधिकृत संख्या आली. कोणत्याही दिवशी बेटावर १९,२१५ पेक्षा अधिक पर्यटक नसावेत आणि दिवसाला ६,४०५ पेक्षा अधिक नवे पर्यटक येऊ नयेत, अशी धारणक्षमता ठरवण्यात आली.

या दोन संख्यांकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ६,४०५ ला तीनने गुणले की बरोबर १९,२१५ येतात. म्हणजे संपूर्ण मर्यादा एका गृहीतावर उभी आहे: पर्यटक सरासरी तीन दिवस राहतो. तो चार दिवस राहू लागला, तर रोजच्या आगमनाचा नियम काटेकोर पाळूनही बेटावर २५,६२० माणसे होतील. आगमन मोजणे सोपे आहे, मुक्काम मोजणे अवघड. आणि विमान कंपनीला किंवा विमानतळाला यातील फक्त पहिली गोष्ट दिसते.

आता हीच संख्या धावपट्टीच्या भाषेत मांडू. १८० आसनांच्या ए३२० ने ६,४०५ माणसे आणायची तर दिवसाला ३६ पूर्ण भरलेली विमाने पुरतात. १,८०० मीटरच्या, रात्रीही चालणाऱ्या धावपट्टीला तेवढ्या फेऱ्या अशक्य नाहीत. म्हणजे कालिबो आणि क्रूझ जहाजे पूर्णपणे बाजूला ठेवली, तरी एकटे कातिक्लान बेटाची सगळी मर्यादा भरून काढू शकते. वर्षाचा हिशेब केला तर बेटाची मर्यादा सुमारे २३ लाख ३८ हजार आगमनांची होते. हा आकडा २०१७ च्या प्रत्यक्ष संख्येपेक्षाही मोठा आहे, आणि तो वाचून मी काही वेळ थांबलो. बेट ज्या वर्षी कोसळले त्या वर्षीची सरासरी नव्या मर्यादेच्या आत बसते. याचे एक उत्तर असे आहे की गर्दी सणासुदीला एकवटते आणि मर्यादा त्या शिखरांना कापण्यासाठी आहे. शिवाय सांडपाणी आणि कचऱ्याची व्यवस्था आता सुधारली आहे असे गृहीत धरलेले आहे. उत्तर ग्राह्य आहे. मात्र मग मर्यादेचे खरे काम वर्षाच्या बेरजेत नाही, ठरावीक दिवसांत आहे, हेही मान्य करावे लागते.

त्या ठरावीक दिवसांत काय होते, ते २०२२ मध्ये दिसले. साथीच्या निर्बंधांनंतरच्या पहिल्या मोठ्या सुट्टीत, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातील १४ आणि १५ एप्रिल या दोन दिवशी, बेटावर अनुक्रमे २१ हजारांहून आणि २२ हजारांहून अधिक पर्यटक होते. मर्यादा दोन्ही दिवस ओलांडली गेली.

ती ओलांडली गेली कारण ती अमलात येते ती जेट्टीवर. नियम असा की मान्यताप्राप्त हॉटेलचे आरक्षण दाखवल्याखेरीज बोटीत चढू देऊ नये. पण तोपर्यंत प्रवाशाने तिकीट काढलेले असते, विमान उतरलेले असते, मुलांना झोप आलेली असते आणि सामान हातात असते. खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाने त्या क्षणी त्याला परत पाठवावे अशी अपेक्षा करणे हे व्यवस्थेचे अपयश त्या कारकुनाच्या माथी मारणे आहे. संख्या आसनविक्रीच्या पातळीवर लागू झाली पाहिजे. दोन्ही विमानतळांच्या उतरण्याच्या वेळा त्या त्या दिवसाच्या शिल्लक मर्यादेशी जोडल्या, आणि हॉटेलच्या आरक्षणातून मुक्कामाचे दिवस त्या हिशेबात धरले, तर जेट्टीवर नकार देण्याची वेळ क्वचितच येईल. यासाठी नवे यंत्र लागत नाही. वेगवेगळ्या कार्यालयांतील त्या वह्या एका ठिकाणी उघडाव्या लागतात, इतकेच.

कातिक्लान आणि बोराकाय यांना जोडणाऱ्या पुलाचा प्रस्तावही आता पुढे आहे. विमानतळ चालवणाऱ्या समूहानेच तो मांडला आहे आणि स्थानिक पातळीवर त्याला मोठा विरोध आहे. विरोधात बांकावाल्यांच्या रोजगाराचा मुद्दा पुढे येतो आणि तो रास्त आहे. कचरा आणि रुग्ण बेटाबाहेर लवकर नेता येतील हा समर्थनातील मुद्दाही खोटा नाही. माझी अडचण निराळी आहे. आज बोराकायला येणारा प्रत्येक जण, तो कातिक्लानहून येवो की कालिबोहून, त्या खिडक्यांच्या ओळीसमोर उभा राहतो आणि पावती घेऊन पुढे जातो. क्रूझ जहाजे सोडली तर बेटावर येणारी माणसे एकेक करून मोजली जातात अशी ती एकमेव जागा आहे. पूल झाल्यावर बस थेट पलीकडे जाईल, आणि ६,४०५ ही संख्या कोणत्या खिडकीवर मोजायची हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असले पाहिजे.